जात्यावरचा घोडा

माझे सासरे धार संस्थानात नकाशानवीस होते. गावांच्या शिवा, नाले, विहिरी, बदनावरकडे जाणाऱ्या बैलवाटा, हे सगळं पायी हिंडून पाहायचं आणि मग कागदावर उतरवायचं, असं त्यांचं काम. पट्टी न लावता काढलेली त्यांची रेघ आखल्यासारखी असे. पण मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा ते काम सुटून वर्ष होत आलं होतं. अर्धांगाचा झटका येऊन त्यांचा उजवा हात निकामी झाला होता आणि उजवा पाय ते ओढत चालत. जीभ जराशी जड झाली होती, तरी बोललेलं समजे. दिवसभर मागच्या पडवीत खुर्चीवर बसून असत, आणि सगळं घर त्यांना भिऊन असे.

माझं माहेर देवासचं. वडील तिथल्या थोरल्या पातीच्या दरबारात कारकून होते. मला चित्रांचा नाद लागला तो शेजारच्या माळ्यांच्या घरी. पितृपंधरवड्यात माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणानं संजा मांडतात. रोज संध्याकाळी नवी आकृती. एका दिवशी चौपट, एका दिवशी सहा पाकळ्यांचं फूल, नवमीला डोकरा-डोकरी म्हणजे म्हातारा-म्हातारी, दशमीला पंखा, आणि शेवटी भिंतभर किल्लाकोट. आईला भिंतीवरचं शेण आवडत नसे, म्हणून मी माळ्यांकडेच जाऊन बसत असे. तिथली काकी बोटांच्या चिमटीत शेणाची वळी धरून भिंतीवर अशी फिरवी की चित्र आधीच भिंतीत आहे नि ती नुसतं चाचपडून ते बाहेर काढते आहे असं वाटे. मी तिच्या हाताकडे बघतच राही. घरी हाक मारमारून आईचा घसा बसे.

दहा वर्षांची असताना मी एक नवल पाहिलं. नवरात्रात टेकडीच्या पायथ्याशी जत्रा भरली होती. सकाळी वडिलांबरोबर मी देवीला जाऊन उतरत होते, तर वाटेवर एक परदेशी, म्हणजे उत्तरेकडचा माणूस, पुढ्यात काळं डबडं घेऊन बसला होता. पत्र्याचं, वरून उघडं, कडेनं उभ्या फटी पाडलेल्या. डबडं एका खुंटीवर गरगर फिरायचं. त्यानं मला फटींच्या समोर डोळा नेऊन बघायला सांगितलं नि टिचकी मारली.

आत घोडा पळत होता.

कागदाचा, माझ्या करंगळीएवढा घोडा. खुरं आपटत होता, मान खालीवर करत होता, शेपटी उडवत होता. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी डोळा काढला आणि वरून डबड्यात पाहिलं. डबडं थांबलं होतं. आत कागदाची एक पट्टी, तिच्यावर बारा घोडे, आणि बाराही जागच्या जागी थिजलेले.

मी त्या माणसाला विचारलं, "यातला पळतो तो कुठला?"

तो हसला. म्हणाला, "दौडता कोई नहीं, बेटी. दौडाती तेरी आँख है."

वडील ओढत होते तरी मी हलेना. शेवटी त्यांनी मला उचलून नेलं. घरापर्यंत मी माझे डोळे हातांनी झाकून घेतले होते. माझ्या डोळ्यांत असं काही आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मला त्यांची भीती वाटायला लागली होती.

तेराव्या वर्षी लग्न झालं. बैलांच्या दमणीत बसून देवासहून इंदूर, इंदूरहून धार. माझे यजमान बदनावरच्या कचेरीत होते, पंधरवड्यानं घरी येत. घरात सासूबाई, मामंजी आणि मी. आमच्या घराच्या मागं पागा होती. माडीच्या खिडकीतून तिचं अंगण दिसे, आणि सकाळी घोड्यांना फिरवायला काढत ते दिसे. काम आटोपलं की मी त्या खिडकीत जाऊन उभी राही.

एका दुपारी मला राहवलं नाही. मामंजींच्या जुन्या कागदांतला फाटका नकाशा रद्दीत पडला होता. त्याच्या पाठीवर मी चुलीतल्या कोळशानं घोडा काढला. काढताना इतकी गुंगले की काठीचा ठोका आणि पाय घासत येण्याचा आवाज मला ऐकूच आला नाही. वर पाहिलं तर मामंजी दारात, आणि त्यांच्या मागं सासूबाई, घाबऱ्याघुबऱ्या.

मी पदर ओढून भिंतीला टेकले. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही अशी तेव्हाची रीत होती. ते बोलले तेही सासूबाईंशी.

"विचारा तिला, हे काय आहे."

"काय आहे गं हे?" सासूबाई म्हणाल्या.

"घोडा," मी पुटपुटले.

"घोडा म्हणतेय."

मामंजी कागदावर वाकले. मला वाटलं आता काठी उचलतील. मग त्यांनी काठीचं टोक घोड्याच्या पायांवर टेकवलं. "पाय चार आहेत. पण जमिनीवर एकही नाही. बिचारा हवेत लोंबतोय. सांगा तिला, आधी जमीन काढायची, मग तिच्यावर घोडा उभा करायचा."

"ऐकलंस ना? आधी जमीन," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर जे आश्चर्य उमटलं ते मी अजून विसरले नाही. झटका आल्यापासून मामंजी एका दमात इतकं बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी शिकवणी सुरू झाली. पडवीत मामंजी खुर्चीवर, मी खाली पाटावर पुढ्यात पाटी घेऊन, आणि मधे सासूबाई तांदूळ निवडत. ते त्यांना सांगत, त्या मला सांगत. तीन हातांवर बसलेल्या माणसांत निरोप्या कशाला लागतो, पण रीत ती रीत.

महिनाभर त्यांनी मला घोडा काढूच दिला नाही. रेघा काढायच्या. उभ्या, आडव्या, तिरप्या. मग गोल. "सांगा तिला, बोटांनी अक्षर काढतात. चित्राची रेघ खांद्यातून येते." मग पुढ्यात तांब्या ठेवला. तो रद्दी कागदांवर वीस वेळा काढायचा, आणि विसावा पहिल्यावर ठेवला तर कुठंही बाहेर डोकावता कामा नये. मी दोन दिवसांत कंटाळले. तिसऱ्या दिवशी मात्र एक गंमत झाली. तांब्याच्या गळ्यापाशी जिथं त्याचं पोट सुरू होतं, तिथं उजेड वळतो हे मला दिसलं. रोज मी तो तांब्या घासत होते आणि ते वळण माझ्या हाताखालून रोज जात होतं. मला माझाच हात परका वाटला. मी मान वर केली तर मामंजी माझ्याकडेच बघत होते.

"दिसलं तिला," ते सासूबाईंना म्हणाले.

"काय दिसलं?" सासूबाईंनी विचारलं. मग तांब्या उचलून त्यांनी स्वतःच तो उन्हात धरला आणि फिरवून फिरवून पाहिला. त्या दिवसापासून त्यांचं निम्मं लक्ष तांदळांत आणि निम्मं माझ्या पाटीत असे. पुढं पुढं तर मामंजींनी काही म्हणायच्या आधी त्याच म्हणत, "डावीकडं फुगलाय गं."

असं करता करता वर्ष गेलं. भांडी झाली, झाडं झाली, मुंज तलावाकडं जाणाऱ्या म्हशी झाल्या. निवडायचे तांदूळही रोज पुरेनात, आणि एके दिवशी सासूबाईंना देवळात जायचं होतं. मामंजी म्हणाले, "तुम्ही जा. तिला कान आहेत." त्या दिवशी ते प्रथम माझ्याशी सरळ बोलले, आणि मी त्यांना प्रथम सरळ उत्तर दिलं. कशाबद्दल बोलावं हे सुचेना, म्हणून मी त्यांना देवासच्या जत्रेतलं काळं डबडं सांगितलं.

त्यांनी मला चार वेळा सांगायला लावलं. फटी किती होत्या? चित्रं किती? डबडं आतून काळं की बाहेरून? थांबल्यावर काय दिसलं? मग डोळे मिटून बसून राहिले. सासूबाई परत आल्या, दिवाबत्ती झाली, जेवणं झाली, तरी त्यांचं लक्ष कुठंच नव्हतं.

सकाळी मला हाक मारून म्हणाले, "सूनबाई, चालत्या गाडीचं चाक बघताना डोळ्यांची उघडझाप करून पाहिलंयस कधी? एरवी आरे दिसत नाहीत, नुसता धुरळा दिसतो. पापणी मिटून उघडली की आरे लख्ख दिसतात. ती फट म्हणजे पापणी आहे. प्रत्येक फट एक चित्र दाखवते आणि मिटते. पुढची पुढचं दाखवते. मधलं तुझं तू भरून घेतेस."

मी रस्त्यावर धावत गेले. एक दमणी जात होती. मी पापण्यांची उघडझाप केली आणि आरे थांबले. गाडी चालली होती आणि चाक उभं होतं. मी वेडी असल्यासारखा गाडीवान माझ्याकडं बघत राहिला.

डबडं करायचं ठरलं. ह्यांनी बदनावरहून जाड पुठ्ठा आणला, मामंजी सांगतील तसा तो कापला, गोल वळवून शिवला, त्यात बारा फटी पाडल्या. मी त्याला काजळीचे दोन हात दिले. पण फिरवायचं कशावर? भोवऱ्यावर ठेवलं तर कलंडे. पाटाला खिळा ठोकून बसवलं तर धक्के खाई. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "गोल फिरणारी वस्तू घरात एकच आहे. जातं."

खुंटा काढून ठेवला आणि जात्याच्या वरच्या दगडावर मधोमध डबडं बसवलं. दगड जड, त्यामुळं एकदा हातानं जोर दिला की ठाय लयीत काही फेरे घेई. पण सासूबाई अडून बसल्या. रिकामं जातं फिरवायचं नाही, अशुभ असतं. म्हणून आधी त्या जात्याच्या तोंडात मूठभर ज्वारी टाकत, मग वर डबडं ठेवायचं. आमचा खेळ चाले तोवर खालून चिमूट चिमूट पीठ पडत राही.

पहिली पट्टी मी आठ दिवस खपून काढली. बारा घोडे, एकेक निरखून. जातं फिरवलं, फटीला डोळा लावला, आणि माझं तोंड उतरलं. घोडा वळवळत होता. पोट फुगत होतं नि आकसत होतं, मान लांब होऊन परत तोकडी होत होती. सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "याला पोटशूळ झालाय."

मामंजी हसले. त्यांचं हसू मी पहिल्यांदा पाहिलं. तोंडाची एकच बाजू हसे, पण दोन्ही डोळे हसत.

"वेगवेगळे बारा घोडे काढलेस तू," ते म्हणाले. "एकच घोडा बारा वेळा काढायचा आहे."

त्यांनी नकाशे उतरवून घ्यायची आपली पद्धत मला शिकवली. पातळ कागदाला जवसाचं तेल चोळायचं, वाळवायचं. मग तो काचेसारखा होतो, खालचं चित्र वर दिसतं. एकाखाली एक कागद ठेवून दोन कोपऱ्यांत टाचणीनं आरपार भोकं पाडायची, म्हणजे कागद उचलून परत ठेवला तरी भोकांत टाचण्या घातल्या की तो तसूभरही सरकत नाही. आणि चित्रं पहिल्यापासून बाराव्यापर्यंत ओळीनं काढायची नाहीत. आधी पाय पुढं पडलेला काढायचा, मग पाय मागं गेलेला. ही दोन टोकं. मग दोन्ही खाली ठेवून वरच्या कागदावर त्यांच्या मधलं. मग त्या मधल्याच्याही मधलं.

"नाला असाच काढतात," मामंजी म्हणाले. "उगम बघायचा, मुख बघायचं, मग मधली वळणं."

दुसऱ्या पट्टीतला घोडा वळवळला नाही. पण तो पळालाही नाही. पाय हलत होते, आणि घोडा बर्फीच्या वडीसारखा ताटात सरकत होता. त्याला वजनच नव्हतं. का ते मला कळेना आणि मामंजींनाही कळेना. त्यांनी जन्मभर नाले नि टेकड्या काढल्या होत्या, पळणारं असं काही कधी काढलं नव्हतं.

मग त्यांनी पागेतल्या म्हाताऱ्या सईसाला बोलावून घेतलं. तो मागच्या दारी आला. डोळ्यांत फूल पडून त्याला जवळजवळ दिसेनासं झालं होतं, तरी घोडी अजून तोच हाताळी. मामंजींनी त्याला विचारलं, "घोडा धावताना कुठला पाय आधी टेकतो?"

तो म्हणाला, "हुजूर, घोडो आँख से नी दिखे. घोडो कान से दिखे." मग त्यानं काय केलं, तर उंबऱ्याशी बसून जमिनीवर दोन्ही हातांनी ताल धरला. "यो चाले." चार सारखे ठोके. "या दुलकी." दोन दोन. "ने यो दौडे." तीन ठोके, आणि मग काहीच नाही. परत तीन ठोके, परत काहीच नाही. त्या काहीच नसलेल्या जागी त्यानं दोन्ही हात वर धरले होते.

"इस बखत?" मामंजींनी विचारलं.

"इस बखत घोडो जमीन पे हे ज नी," सईस म्हणाला. "उडे."

मी आतल्या दाराआड उभी होते. पहिल्या दिवशी मामंजींनी सांगितलं होतं की घोडा हवेत लोंबता कामा नये, आणि हा आंधळा माणूस सांगत होता की तीन पावलांमागून एकदा तो खरोखर हवेत असतो. मामंजी माझ्याकडं वळून म्हणाले, "ऐकलंस? आपल्याला हे माहीतच नव्हतं." 'आपल्याला' म्हणाले ते.

दुसऱ्या सकाळपासून आठ दिवस आम्ही दोघं पागेच्या अंगणाच्या कडेला डोळे मिटून बसलो. टप टप टप, आणि गप्प. ते गप्प ऐकू यायला मला तीन दिवस लागले. एकदा ऐकू आल्यावर मग डोळे उघडले, तर ते दिसूही लागलं. चारी पाय पोटाखाली गोळा झालेले, आणि घोड्याखालून समोरच्या भिंतीची पांढरी चुन्याची रेघ अखंड दिसते आहे. त्या क्षणी मी मोठ्यानं ओरडले. सासूबाई भाकरी टाकून बाहेर आल्या.

तिसरी पट्टी काढली तेव्हा जमिनीची रेघ बाराही चित्रांत एका पातळीवर ठेवली. पाय टेकताना घोड्याची पाठ थोडी दबवली, हवेत असताना उचलली. शेपटी मात्र एक चित्र उशिरानं हलवली, कारण ती मागून येते हे मी आता पाहिलं होतं.

सकाळची वेळ. पडवीत ऊन आलं होतं. सासूबाईंनी ज्वारी टाकली, मी डबडं बसवलं नि दगडाला जोर दिला. फटीला डोळा लावला.

काय सांगू? देवासला पाहिला तो घोडा कुणा दूरच्या माणसाचा होता. हा आमच्या मागच्या पागेतला. त्याच्या खुरांचा आवाज मला आला, शपथेवर सांगते, आला. माझी बारा चित्रं त्यात नव्हतीच. ज्या रेघांवर मी महिनोन्महिने वाकले होते त्यांतली एकही दिसत नव्हती, नुसता जिवंत घोडा. मला रडू यायला लागलं, आणि ते का, ते मला सांगता येईना.

मामंजींना खुर्चीवरून खाली जात्यापाशी बसवायला आम्हां दोघींना बराच वेळ लागला. त्यांनी पाहिलं. डावा हात जमिनीवर ठेवून बोटांनी ताल धरत राहिले. टप टप टप, गप्प. जातं थांबलं की हातानं खूण करीत, फिरव. त्या दिवशी ज्वारी पाच वेळा घालावी लागली.

बातमी आळीत पसरली. बायका ओल्या हातांनी येऊन बघून गेल्या. एकीनं नमस्कार केला. म्हातारा सईस आला, आणि मला कसंसंच झालं, कारण त्याला दाखवायचं कसं? तो जात्याजवळ बसला आणि माझी सासू त्याला सांगत राहिली, "आता टेकला, आता टेकला, आता टेकला, आता उडाला." तो मान हलवत म्हणाला, "बरोबर हे, बईसाब. बरोबर दौडे."

त्यानंतर काही दिवसांनी मामंजींनी मला एक मागणं मागितलं. सासूबाई घरात नव्हत्या. ते म्हणाले, "सूनबाई, मला चालवशील?"

मला समजलं नाही. मी उठून त्यांची काठी आणायला लागले.

"तसं नव्हे. कागदावर."

मी त्यांना धड चालताना कधी पाहिलंच नव्हतं. मी आले तेव्हा पाय गेलेला होता. हे त्यांना सांगायचा मला धीर होईना. संध्याकाळी मी सासूबाईंना विचारलं, ते कसे चालत. त्या भांडी लावत होत्या. आधी त्या मला रागे भरल्या, हे कसलं विचारतेस म्हणून. मग हातातला पेला ठेवला, दाराकडं पाहिलं, कासोटा घट्ट केला, आणि स्वयंपाकघरात चालायला लागल्या.

अंग किंचित पुढं झुकलेलं. डावा हात पाठीशी, त्यात कागदाची गुंडाळी धरल्यासारखा. उजवा हात लांब, मोजून हलणारा. टाच आधी, आणि मग चवडा, दाबून. "जमीन मोजत चालायचे ते," सासूबाई म्हणाल्या. "आणि दर थोड्या पावलांनी मान डावीकडं. मी मागं असले की मी येतेय का ते बघायला. बोलायचे नाहीत, नुसती मान." त्या चुलीपासून दारापर्यंत गेल्या, परत आल्या, परत गेल्या. साठीला आलेली, नऊवारी नेसलेली ती बाई, आणि माझ्यासमोर एक उंच, तरणाताठा पुरुष चालत होता. मी कोळसा हातात धरून नुसती बघत राहिले. काढायचं मला सुचलंच नाही. त्यांना आणखी चार वेळा चालायला लावलं तेव्हा कुठं पहिला कागद झाला.

ती पट्टी काढायला दोन महिने लागले. माणसाचं चालणं घोड्यापेक्षा कठीण, कारण ते सगळ्यांच्या ओळखीचं. पाय चुकला तर कुणाला कळत नाही, पण मान जरा जास्त वळली की माणूस दुसराच होतो. चेहरा मी काढलाच नाही, नुसती पगडी आणि नाक. अधूनमधून सासूबाई कागद उचलून बघत आणि म्हणत, "नाही. खांदा इतका पडायचा नाही."

झाली तेव्हा मी ती मामंजींना एकट्याला दाखवणार होते, पण त्यांनी सासूबाईंना बोलावून घेतलं. "तुम्ही आधी बघा. मी मला कधी मागून पाहिलेलं नाही. तुम्हांला माहीत."

सासूबाईंनी फटीला डोळा लावला. मी दगड फिरवला. डोळा न काढता त्या म्हणाल्या, "जोरात फिरव गं. याहून भराभर चालायचे."

मी जोर वाढवला.

"हं," त्या म्हणाल्या. "हे बघा, निघाले."

मग मामंजींनी पाहिलं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, जात्यावर वाकलेली पाठ तेवढी दिसत होती. ते बघत होते आणि त्यांचा गेलेला उजवा पाय, जो इतकी वर्षं लाकडासारखा ओढावा लागे, तो धोतराखाली हलल्यासारखा मला वाटला. सासूबाईंनाही वाटला. आम्ही एकमेकींकडं पाहिलं. पाय पुढं काही सुधारला नाही, हे सांगितलं पाहिजे. वैद्यबुवा म्हणाले, तुम्हांला भास झाला असेल. असेलही.

त्यानंतर मामंजी दोन वर्षं होते. रोज सकाळी चहानंतर ते जात्यापाशी बसून एकदा चालून येत. 'चालून येतो' असंच म्हणत. आम्ही घरात त्याला हसलो नाही. ते गेले ते झोपेत, शांतपणे. सासूबाईंनी ती पट्टी डबड्यातून काढली, गुंडाळली नि आपल्या पेटीत ठेवली. ती मला नंतर कधी मागावीशी वाटली नाही.

मी पुढं मुलींच्या शाळेत चित्रं शिकवायला जाऊ लागले. ह्यांनी आधी नको म्हटलं. सासूबाईंनीच त्यांना समजावलं. धारला तंबूत हलती चित्रं दाखवणारे आले तेव्हा आम्ही दोघी बायकांच्या बाजूला बसून बघून आलो. पडद्यावर लाट किनाऱ्याला आली तर पुढच्या बायका लुगडी सावरून मागं सरकल्या. मला तेव्हाही अंगावर काटा आला. कसं होतं ते मला ठाऊक होतं, तरी आला. जाणून घेतलं म्हणजे नवल संपतं, असं माझं आजवर कधी झालं नाही.

एका दुपारी शाळेतून आले तर सासूबाई पडवीत पाटी घेऊन बसल्या होत्या. इतकी वर्षं त्यांनी माझी हजारो चित्रं पाहिली, सुधारली, पण स्वतः खडूला कधी हात लावला नव्हता. पाटीवर काहीतरी लांबट, केसाळ होतं.

"काय हो हे?" मी विचारलं.

"खार," त्या जराशा लाजून म्हणाल्या. "त्या भिंतीवर येते ना, ती. पण मेली थांबतच नाही. कशी काढायची?"

मी त्यांच्या शेजारी बसले. खार भिंतीवर आली, बघता बघता पळाली, परत आली. आम्ही दोघी तिच्याकडं बघत राहिलो, आणि थोड्या वेळानं सासूबाई हळूच म्हणाल्या, "आधी शेपटी उचलते गं ती. मग उडी."